बिल्डर व्हायचंय? आधी ओट्यापाशी उभा राहा!

आपल्याकडे काही शब्द नुसते उच्चारले तरी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटतं. ‘बिल्डर’ हा त्यातलाच एक. लग्नाच्या बोलण्यांत ‘मुलगा इंजिनीअर आहे’ म्हटलं की माना डोलतात. ‘बिल्डर आहे’ म्हटलं की आधी सगळे एकमेकांकडे बघतात आणि मग कुणीतरी हळूच विचारतं, ‘स्वतःचंच का? की कुणाबरोबर भागीदारीत?’ पांढरी गाडी, गळ्यात जाड साखळी आणि ‘दिवाळीला ताबा नक्की’ असं ओळीने तीन दिवाळ्या सांगणारा माणूस, हे चित्र आपल्या मनात पक्कं बसलंय. ते उगाच बसलेलं नाही. फ्लॅटच्या ताब्यासाठी जिच्या घरच्यांनी खेटे घातले नाहीत, अशी मैत्रीण विरळाच.

गेल्या काही वर्षांत मात्र या धंद्यात वेगळी मुलं येताना मी बघते आहे. तिशीच्या आतबाहेरची, सिव्हिल इंजिनीअरिंग केलेली. बरोबर एखादी आर्किटेक्ट मैत्रीण. वाडवडिलांची जमीन नाही, पाठीशी पुढारी नाही. चार-पाच वर्षं कुणाकडे तरी साइटवर उन्हातान्हात काम करायचं, मग दोघा-तिघांनी मिळून जमीनमालकाशी भागीदारी करून एखादा प्लॉट घ्यायचा आणि वन आरके, वन बीएचके अशी लहान घरं बांधायची. ‘अफोर्डेबल हाउसिंग’ हा त्यांचा आवडता शब्द. आपण त्याला ‘परवडणारी घरं’ म्हणतो.

मला या मुलांचं कौतुक वाटतं, हे आधीच सांगून टाकते. परदेशी जायचं सोडून इथेच काहीतरी उभं करावं, आणि तेही सामान्य माणसासाठी, असं ज्याला वाटतं त्याच्या पाठीवर हात ठेवायलाच हवा. पण पाठीवर हात ठेवताना एक गोष्ट कानातही सांगायला हवी. मोठी घरं बांधणाऱ्यापेक्षा छोटी घरं बांधणाऱ्याला जास्त चोख राहावं लागतं. कारण मोठं घर घेणाऱ्याचं ते दुसरं-तिसरं घर असतं. त्यात काही बिनसलं तर तो वकील लावतो, वाट बघतो, दुसरीकडे राहतो. छोटं घर घेणारीचं ते आयुष्यातलं एकमेव घर असतं. ते चुकलं की तिच्या हाती काही उरत नाही.

माझ्या एका मैत्रिणीचा मुलगा याच वाटेवर आहे. डोंबिवलीतच लहानाचा मोठा झालेला, हुशार, कष्टाळू. वांगणीच्या पुढे चार इमारतींचं काम त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी काढलंय. मी बचत गटांचं काम करते, हे त्याला ठाऊक. माझ्या गटांत घरकाम करणाऱ्या, पोळी-भाजी केंद्रांत लाटणं चालवणाऱ्या, कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायका आहेत. परवा तो पेढे घेऊन आला आणि म्हणाला, ‘मावशी, तुझ्या गटातल्या बायकांना एकदा साइट दाखवायला नेऊ या ना. बस मी करतो, चहा-नाश्ताही माझ्याकडून. भाड्यात किती पैसे घालवतात गं त्या!’

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याने गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक पुढे केलं. वर निळाशार पोहण्याचा तलाव, हिरवळ, गॅलरीत कॉफीचा कप घेऊन बसलेली कुणी गोरी बाई. मी पानं उलटत उलटत घराच्या नकाशाशी आले. स्वयंपाकघराचा चौकोन बोटाने दाखवून विचारलं, ‘अरे, इथे पिंप कुठे ठेवायचं?’

तो हसला. ‘मावशी, पाणी चोवीस तास असणार आहे.’

‘असेल तेव्हा असेल. तोवर पिंप कुठे?’

त्याने नकाशा आपल्याकडे वळवला, बघितला, पुन्हा बघितला. ओट्याच्या एका टोकाला गॅसचा सिलिंडर, दुसऱ्या टोकाला फ्रिज, मध्ये एक माणूस उभं राहील एवढी जागा. पिंपाला जागाच नव्हती. मग मी आणखी विचारलं. भिजलेले कपडे पावसाळ्यात कुठे वाळायचे? संडासाचं दार थेट ओट्यासमोर का उघडतं? पाहुणे बाहेरच्या खोलीत बसलेले असताना वयात आलेल्या मुलीने कपडे कुठे बदलायचे? आजीची खाट टाकली की मुलाने अभ्यासाला कुठे बसायचं? प्रत्येक प्रश्नाला तो ‘बघतो’ म्हणत गेला आणि वहीत लिहीत गेला. त्याने लिहून घेतलं, हे मला आवडलं. पण चार इमारतींचा नकाशा मंजूर होईपर्यंत त्याला हे प्रश्न एकाही बाईने विचारले नव्हते, कारण त्याने एकाही बाईला नकाशा दाखवला नव्हता. त्याची स्वतःची आई घरात होती!

आता या धंद्याचं गणित थोडं समजून घेऊ या. छोट्या घरांकडे ही मुलं का वळली? त्यामागे भावना आहे तसा हिशेबही आहे, आणि हिशेब असण्यात काही वाईट नाही. टाटा हाउसिंगने २००९ मध्ये बोईसरजवळ ‘शुभगृह’ नावाने ४ लाखांच्या आसपास सुरू होणारी घरं विकायला काढली, तेव्हा स्वस्त मोटारीच्या चालीवर लोक त्यांना ‘नॅनो घरं’ म्हणू लागले. लहान घरालाही मोठं गिऱ्हाईक आहे, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. मग जून २०१५ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना शहरांसाठी सुरू झाली. २०१६ च्या अर्थसंकल्पाने लहान घरांच्या प्रकल्पांतल्या नफ्यावर बिल्डरला प्राप्तिकरात पूर्ण सूट दिली. मार्च २०२२ पर्यंत मंजूर झालेल्या प्रकल्पांना ती मिळाली. एप्रिल २०१९ पासून अशा बांधकाम चालू असलेल्या घरांवर जीएसटी फक्त १ टक्का ठेवला गेला. म्हणजे सरकारने या वाटेवर बऱ्यापैकी खडी टाकून ठेवली होती.

पण त्या जीएसटीच्या नियमात ‘परवडणारं’ म्हणजे काय, ते वाचा. किंमत ४५ लाखांपर्यंत आणि मोठ्या महानगरांत कार्पेट एरिया ६० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण ६४५ चौरस फूट. ४५ लाख! माझ्या गटातल्या कुठल्याही बाईला हा आकडा सांगितला तर ती हसेल. सरकारच्या कागदावर जे परवडणारं असतं, ते तिच्या पदराला परवडतंच असं नाही.

तिचा हिशेब मांडते. समजा २० लाखांचं कर्ज काढलं, वीस वर्षांच्या मुदतीने. व्याज ९ टक्के असेल तर महिन्याचा हप्ता १८ हजारांच्या आसपास जातो आणि वीस वर्षांत ४३ लाखांहून जास्त फेडावे लागतात. हे झालं ज्याच्याकडे पगाराची स्लिप आहे त्याचं. जिचा नवरा रिक्षा चालवतो आणि जी स्वतः चार घरी पोळ्या लाटते, तिच्याकडे स्लिप नाही. बँक तिला दारातूनच परत पाठवते. मग तिला जावं लागतं ते छोटी गृहकर्जं देणाऱ्या खासगी कंपन्यांकडे, आणि तिथे व्याज चढं असतं. १२ टक्के धरलं तर त्याच कर्जाचा हप्ता २२ हजारांवर जातो. जिच्याकडे पैसे कमी, तिलाच घर महाग पडतं. हसमुखभाई पारेख यांनी १९७७ मध्ये एचडीएफसी सुरू केली, तेव्हा नोकरदाराच्या पगारावर भरवसा ठेवून त्याला तरुणपणीच घरासाठी कर्ज द्यायचं, ही कल्पना आपल्याकडे नवी होती. त्याआधी घर व्हायचं ते बहुतेकांचं निवृत्तीच्या पैशांतून. आज पगाराची स्लिप नसलेल्या कष्टकरी बाईवर असा भरवसा कोण ठेवणार, हा प्रश्न अजून उभा आहे.

घर तयार होईपर्यंत तिच्यावर दुहेरी ओझं असतं. इकडे जुन्या खोलीचं भाडं, तिकडे कर्जाचं व्याज. ताबा एक वर्ष लांबला तर बिल्डरच्या वहीत ती एक नोंद असते. तिच्या घरात ते मुलीच्या कॉलेजचं एक वर्ष असतं. ‘थोडं मागेपुढे होतंच गं मावशी’ असं माझ्या मैत्रिणीचा मुलगा सहज बोलून गेला, तेव्हा मी त्याला हेच म्हटलं. तुझं मागेपुढे तिच्या ताटात येऊन पडतं.

आणि हे नुसतं उशिराचं झालं. त्याहून भयंकर गोष्टी आपल्याच परिसरात घडल्या आहेत. डोंबिवलीहून फार लांब नाही, मुंब्र्याजवळ शीळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी एक बेकायदा इमारत कोसळली. वरचे मजले चढवणं चालू असतानाच खाली माणसं राहायला आली होती. ७४ माणसं गेली, त्यांत कितीतरी लहान मुलं. नालासोपाऱ्यात अग्रवाल नगरीजवळच्या ४१ बेकायदा इमारती न्यायालयाच्या आदेशानुसार नोव्हेंबर २०२४ पासून पुढच्या काही महिन्यांत पाडल्या गेल्या. त्या जागेत सांडपाणी प्रक्रिया आणि कचऱ्यासाठी राखून ठेवलेली जमीन होती. सुमारे अडीच हजार कुटुंबं रस्त्यावर आली. ऐन परीक्षेच्या दिवसांत दप्तरं, भांडी, देवघर हातगाड्यांवर चढवणाऱ्या बायका आपण टीव्हीवर पाहिल्या. त्यांनी घरं फुकट मिळवली नव्हती; कुणी दागिने मोडले होते, कुणी गावची जमीन विकली होती.

आमच्या कल्याण-डोंबिवलीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. इथल्या ६५ इमारतींसाठी महापालिकेच्या बांधकाम परवानग्याच बनावट केल्या गेल्या आणि त्या बनावट कागदांवर महारेराचा नोंदणी क्रमांकसुद्धा मिळवला गेला. लोकांनी क्रमांक बघितला, निर्धास्त झाले, घरं घेतली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. ज्यांनी नियमाने सगळं तपासलं, तेसुद्धा फसले. अशा प्रकरणांत घर घेणारी माणसं सगळी छोट्या घरांचीच असतात, हे लक्षात घ्या. स्वस्त घराच्या गरजेचा फायदा उठवणारे आधीपासूनच बाजारात बसलेले आहेत. त्यांच्या शेजारी दुकान मांडताना नव्या मुलाला आपण त्यांच्यातले नाही, हे पदोपदी सिद्ध करावं लागणार. हा त्याच्यावर अन्याय आहे, मान्य. पण त्याला इलाज नाही.

सिद्ध करायचं म्हणजे काय करायचं? पहिली गोष्ट कायद्याची. रेरा कायदा २०१६ चा. १ मे २०१७ पासून आपल्याकडे महारेराचं काम सुरू झालं. मैत्रिणींनो, यातल्या चार-पाच गोष्टी आपल्याला तोंडपाठ हव्यात. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल आणि घरं आठपेक्षा जास्त असतील, तर नोंदणी केल्याशिवाय बिल्डरला जाहिरातसुद्धा करता येत नाही. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम त्याला घेता येत नाही. घर विकायचं ते कार्पेट एरियावर, म्हणजे आतल्या वापराच्या जागेवर. ‘सुपर बिल्टअप’च्या नावाखाली जिन्याचा आणि लिफ्टचा भाग आपल्या गळ्यात मारता येत नाही. गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यातच ठेवावे लागतात. एका साइटचे पैसे दुसरीकडे फिरवायचे नाहीत. ताबा लांबला तर व्याज द्यावं लागतं. आणि ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा.

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं तर म्हणाला, ‘अगं, हे आम्ही करतोच. कायदाच आहे.’ मी म्हटलं, ‘मग माहितीपत्रकात तलावाऐवजी हे छाप ना! मंजूर नकाशा, सातबारा, बांधकामाची परवानगी, सगळं मराठीत, मोठ्या अक्षरांत. आणि खाली लिही, महापालिकेत नाहीतर नगरपालिकेत अमुक खिडकीवर जाऊन हा कागद खरा आहे की नाही, ते स्वतः विचारून या.’ ज्याचे कागद खरे, त्याला हे छापायला भीती कसली? ६५ इमारतींच्या प्रकरणानंतर एखाद्या तरुण बिल्डरची याहून चांगली जाहिरात मला तरी सुचत नाही.

आता त्या तलावाबद्दल. वांगणी, नेरळ, कर्जत पट्ट्यात उन्हाळ्यात टँकर येतो, हे तिथे राहणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. तिथे पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, रंगीत कारंजं हे सगळं कुणासाठी? विकताना ते फुकट असल्यासारखं दाखवतात. ताबा मिळाला की त्याचा मेन्टेनन्स दर महिन्याला सुरू होतो. हप्ता ठरलेला असतो, तो माहीत असतो. मेन्टेनन्स वाढत जातो आणि तो कुणी आधी सांगत नाही. कारंजं बंद पडतं, पंप बंद पडतो, मग लिफ्ट बंद पडते आणि सहाव्या मजल्यावर बाई हंडा घेऊन चढते. छोट्या घरांच्या बिल्डरने डामडौल कमी करावा आणि लिफ्ट, पाण्याची टाकी, जिन्यातला दिवा या तीन गोष्टींवर खर्च करावा. जिन्यातला दिवा फार छोटी गोष्ट वाटते. रात्री साडेनऊला दुकान बंद करून परतणाऱ्या मुलीला ती छोटी वाटत नाही.

तीच गोष्ट स्टेशनपासूनच्या रस्त्याची. ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ असं जाहिरातीत असतं. कशाने दहा मिनिटं? बिल्डरच्या गाडीने. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर आहे आणि वांगणी-नेरळ त्याच्याही पुढे. सकाळी चारला उठून, डबे भरून, लोकलला लोंबकळून ठाण्याला कामावर जाणाऱ्या बाईसाठी घर स्वस्त झालं तरी दिवस महाग होतो. भाड्यात वाचलेले पैसे रिक्षात जातात, आणि घरकाम करणारीची तर कामंच सुटतात. कारण सकाळी सातला डोंबिवलीतल्या घरी पोळ्या करायला ती वांगणीहून पोचणार कशी? म्हणून मी त्याला म्हटलं की बायकांना रविवारी दुपारी बसने साइट दाखवू नकोस. त्यांना एखाद्या मंगळवारी लोकलने ने आणि संध्याकाळी सातनंतर त्या रस्त्याने चालवत परत आण. मग ज्या घर घेतील त्या डोळे उघडे ठेवून घेतील.

हे सगळं ऐकून तो थोडा वैतागला, तेही सांगायला हवं. म्हणाला, ‘मावशी, जमिनीचा भाव आम्ही ठरवत नाही. परवानगीला महिनोन्‌महिने जातात, तेवढे दिवस उसन्या पैशांवर व्याज चढतं. सिमेंट, सळई रोज वर. तू म्हणतेस तसं सगळं केलं तर घर परवडणारं राहणारच नाही.’ त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. जमीन, पाणी, रस्ता आणि लोकल या गोष्टी एकट्या बिल्डरच्या हातात नसतात, त्या सरकारच्या हातात असतात. म्हाडा आणि सिडकोसारख्या संस्था त्यासाठीच आहेत, आणि त्यांच्या सोडतीत एका घरामागे किती जणी आशा लावून बसतात ते आपण बघतोच. सरकारचं काम एका तरुण मुलाच्या डोक्यावर टाकून मोकळं होणं बरोबर नाही.

पण मी त्याच्याकडे मागितलं काय होतं? संडासाचं दार दुसऱ्या बाजूने उघडायला पैसे पडत नाहीत. ओट्याखाली पिंपाएवढी जागा मोकळी सोडायला पैसे पडत नाहीत. खिडकीबाहेर कपड्यांच्या दोरीसाठी दोन लोखंडी हात बसवायला कितीसा खर्च? खरे कागद छापायला तर काहीच नाही. यातलं बरंचसं पैशांनी अडत नाही, विचारलं जात नाही म्हणून अडतं.

विचारून, माणूस समोर ठेवून छोटी घरं बांधल्याची उदाहरणं आपल्याकडे आहेत. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६० च्या दशकात नवी मुंबईची कल्पना मांडली. त्यांतल्या प्रवीणा मेहता या बाई होत्या, हे आपल्या मुलींना सांगायला हवं. पुढे कोरियांनी बेलापूरला सिडकोसाठी बैठ्या, छोट्या घरांची वसाहत आखली. सात-सात घरांमध्ये एक सामाईक अंगण, आणि कुणाचीही भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेली नाही, म्हणजे पैसे जमतील तसं ज्याला त्याला आपलं घर वाढवता यावं. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी इंदूरला ‘अरण्य’ वसाहतीत हाच विचार गरिबांसाठी फार मोठ्या प्रमाणावर केला. आज एवढ्या कमी जमिनीत बैठी घरं शक्य नाहीत, हे मलाही कळतं. पण राहणाऱ्याचा संसार वाढत जातो, त्याची सोय आधीच बघायची, ही गोष्ट चार मजली इमारतीतही करता येते.

आणि सोलापूर! तिथल्या विडी कामगार बायकांनी नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षं लढून घरं मिळवली. कुंभारीला २००६ मध्ये गोदूताई परुळेकरांच्या नावाने १० हजार घरांची वसाहत झाली. त्यानंतर तिथेच असंघटित कामगारांसाठी रे नगरचा ३० हजार घरांचा प्रकल्प आला आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातल्या १५ हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. तिथे आधी बायका एकत्र आल्या, त्यांची सहकारी संस्था झाली, आणि मग घर बांधलं गेलं. विडी वळणारीचं घर हाच तिचा कारखाना. ज्या धंद्यात आधी इमारत आणि मग गिऱ्हाईक, असा क्रम असतो, तिथे हा उलटा क्रम आमच्या तरुण बिल्डरांनी एकदा जाऊन बघावा. शहाणपण पुण्या-मुंबईच्या परिषदांतच मिळतं असं नाही.

एक मुद्दा मी कधीच सोडत नाही, तो म्हणजे कागदावरचं नाव. प्रधानमंत्री आवास योजनेत अल्प उत्पन्न गटातल्या कुटुंबाचं घर बाईच्या नावावर, निदान नवरा-बायको दोघांच्या नावावर असावं असं धोरण आहे. महाराष्ट्रात २०२१ पासून फक्त बाईच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. २० लाखांच्या घरावर हे २० हजार रुपये होतात, म्हणजे घर लावण्याचा निम्मा खर्च निघाला. नवऱ्याचं नाव जोडलं की ही सवलत मिळत नाही, हेही माहीत असू द्या आणि घरात बसून ठरवा. पण तिचं नाव अजिबातच नाही, असं होऊ देऊ नका. बुकिंगच्या टेबलावर बसलेला मुलगा फॉर्म पुढे करतो तो पुरुषाच्या पुढे. त्याने फक्त एवढं विचारायची सवय लावून घेतली, की ‘वहिनींचं नाव आधी लिहू ना?’, तर कितीतरी बायकांच्या पायाखालची जमीन पक्की होईल. दारू पिऊन रात्री ‘घरातून चालती हो’ म्हणणाऱ्या नवऱ्यांच्या तक्रारी माझ्याकडे दर महिन्याला येतात. जिचं नाव करारनाम्यावर आहे, तिला मी वेगळा सल्ला देऊ शकते.

मग अशा मुलाचं करिअर मोजायचं कसं? त्याचे मित्र सांगतील, किती घरं विकली, किती दिवसांत बुकिंग संपलं, पुढच्या जमिनीचा व्यवहार केवढ्याचा झाला. माझी मोजपट्टी वेगळी आहे. ताबा दिल्यानंतर पाचव्या वर्षी त्याने आपल्याच इमारतीत जावं आणि एकेक दार वाजवावं. पहिल्या दिवशी किल्ली घेतलेली बाई तिथे राहते आहे का? की हप्ता झेपला नाही म्हणून घर विकून ती पुन्हा भाड्याच्या खोलीत गेली? की कुलूप आहे, कारण घर राहणाऱ्यांऐवजी गुंतवणूक करणाऱ्यांनीच घेतलं? भिंतींना ओल आहे का? सोसायटी स्थापन झाली का, जमीन सोसायटीच्या नावावर झाली का, की त्यासाठी लोक अजून त्याच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवताहेत? ज्याला पाचव्या वर्षी स्वतःच्या इमारतीत ताठ मानेने शिरता येतं आणि चार घरांतून चहा विचारला जातो, तो या धंद्यात टिकेल. त्याला जाहिरातीची फार गरजही पडणार नाही, कारण आपल्या बायकांचं तोंड हे फार मोठं वर्तमानपत्र आहे.

मुलांकडून एवढं मागताना आपल्याही पदरात काही घ्यायला हवं. ‘थोडे रोख द्या, भाव कमी करतो’ म्हटलं की आपले डोळे चमकतात. रोख दिलेल्या पैशाला ना पावती, ना रेराचं संरक्षण. शेजारच्या इमारतीपेक्षा दोन लाखांनी स्वस्त का, हे विचारायचं आपण टाळतो, कारण उत्तर ऐकायची आपल्याला धास्ती असते. नियमाने चालणाऱ्या मुलाचं घर थोडं महाग असतं, आणि आपण त्याच्याकडून उठून बेकायदा बांधणाऱ्याकडे जातो. मग चांगली मुलं या धंद्यात टिकावीत तरी कशी?

ज्यांची मुलं या व्यवसायात आहेत किंवा यायचं म्हणताहेत, अशा आयांना माझं एकच सांगणं. त्याच्या पहिल्या इमारतीच्या पूजेला जाल तेव्हा जाल. त्याआधी त्याचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून मागा. ओटा किती फुटांचा, मोरी कुठे, खिडकी कुठल्या बाजूला, हे चष्मा लावून बघा. तुम्ही तीस वर्षं घर चालवलंय. या विषयातली तुमच्याएवढी जाणकार त्याला फी देऊनही मिळणार नाही. आणि घर घेणाऱ्या मैत्रिणींनी गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर बुकिंगला धावण्याआधी एक दिवस काढून महापालिकेत जावं, परवानगीचा कागद खरा आहे का ते विचारावं, आणि जाताना एकटीने न जाता गटातल्या दोघींना बरोबर न्यावं.